सिनेमानंतरची सहासष्ट वर्षं

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा सिनेमा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? पूर्ण पाहिलाय असं म्हणणारे फार थोडे निघतील, पण नाव मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. व्ही. शांतारामांचा १९४६ सालचा सिनेमा. स्वतः शांताराम झाले होते डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि त्यांची चिनी बायको झाली होती जयश्री. संगीत वसंत देसाईंचं. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनला जातो, जखमी सैनिकांवर उपचार करतो, तिथल्या एका मुलीशी लग्न करतो आणि ऐन बत्तिशीत मरतो. मरता मरता तो बायकोला आपल्या घराची वाट सांगतो, आणि ती तान्ह्या बाळाला घेऊन सासरी पोचते. सिनेमा संपला.

आता गंमत बघा. हा सिनेमा थिएटरात लागला तेव्हा खरी नायिका तीस वर्षांची होती, चीनमध्येच होती, आणि अजून सहासष्ट वर्षं जगायची होती. तिचं नाव क्वो छिंगलान (आपले पेपरवाले इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘गुओ क्विंगलान’ लिहितात, चालायचंच). त्या १९१६ साली जन्मल्या आणि २८ जून २०१२ रोजी दालियन शहरात वारल्या. शहाण्णव वर्षांचं आयुष्य. त्यातलं कोटणीसांबरोबरचं लग्नाचं आयुष्य जेमतेम एका वर्षाचं. टक्केवारी काढायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा स्वस्थ बसू देत नाही: साधारण एक टक्का. आणि या एका टक्क्यावरून जग त्यांना ओळखतं. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांचं काय झालं, हे बघायला म्हणून मी वाचायला लागलो, आणि दोन विकांत त्यातच गेले.

सुरुवात फेनयांगपासून. चीनच्या शान्शी प्रांतातलं हे गाव. तिथे अमेरिकन मिशनचं मोठं हॉस्पिटल होतं. त्या काळात चीनमध्ये काय आणि आपल्याकडे काय, बाईमाणसाने नर्स व्हायचं म्हणजे बहुतेकदा मिशनच्याच दारातून आत शिरायचं. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनाने ससूनच्या मदतीने विधवा आणि गरजू बायकांना नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, त्यामागे रमाबाई रानड्यांची केवढी खटपट होती! चांगल्या घरच्या मुलीने परक्या पुरुषाच्या जखमा धुवायच्या, ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. खरं सांगायचं तर आजही आपल्यापैकी कितीतरी जण आजारी पडल्यावर ‘सिस्टर, सिस्टर’ करतात आणि घरी आल्यावर मुलीला मात्र ‘डॉक्टरच हो’ म्हणून सांगतात.

छिंगलानबाई नर्सिंग शिकल्या आणि पीकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात कामाला लागल्या. हे हॉस्पिटल म्हणजे ऐरीगैरी जागा नव्हती. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभं राहिलेलं, आशियातल्या उत्तमांपैकी एक. शिकवणं इंग्रजीत, इमारती अमेरिकन धर्तीच्या, छपरं मात्र चिनी. आजच्या भाषेत सांगायचं तर मल्टिनॅशनल कंपनीतली नोकरी. आणि इथे एक मुद्दा आहे जो चटकन लक्षात येत नाही. ७ जुलै १९३७ ला मार्को पोलो पुलाजवळ गोळीबार झाला, जपान-चीन युद्ध पेटलं आणि महिन्याभरात शहर जपान्यांच्या ताब्यात गेलं. पण हे हॉस्पिटल अमेरिकन! जपानचं अमेरिकेशी अजून युद्ध नव्हतं. त्यामुळे डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर होईपर्यंत जपान्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणजे चारी बाजूंनी आग लागलेली असताना ही एक जागा अशी होती की जिथे पगार वेळेवर, वॉर्ड स्वच्छ आणि डोक्यावर अमेरिकन झेंडा.

१९३९ मध्ये छिंगलानबाईंनी ही जागा सोडली.

कोटणीसांचं धाडस आपल्याला माहीत असतं कारण ते बोटीत बसून गेले, बंदरावर हारतुरे झाले, फोटो निघाले. या बाईंच्या जाण्याला कोणी हार घातले नाहीत. घालून चाललंच नसतं, कारण जायचं होतं ते लपूनछपून, जपानी पहारे ओलांडून, डोंगरातल्या आठव्या मार्ग सेनेच्या मुलखात. त्यांना तिकडे नेणारी व्यक्तीही तशीच भन्नाट होती. कॅथलीन हॉल नावाची न्यूझीलंडची मिशनरी नर्स. हेबेई प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यात तिचा छोटा दवाखाना होता. कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथून १९३८ पासून त्याच भागात गनिमी सैन्याबरोबर काम करत होते आणि त्यांच्याकडे औषधं नव्हती. हॉलबाई मिशनच्या नावाखाली पीकिंगला जायच्या, औषधं आणि मलमपट्टीचं सामान विकत घ्यायच्या आणि जपान्यांच्या नाकाखालून घेऊन यायच्या. परत येताना नर्सेसनाही तयार करून आणायच्या. त्यातल्या एक छिंगलानबाई. पुढे जपान्यांना सुगावा लागला, त्यांनी हॉलबाईंचं मिशन जाळलं आणि त्यांना हुसकून लावलं. ती औषधांची वाट बंद झाली.

आणि त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १९३९ ला, बेथून गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखमेत विष झालं. आज पाच दिवसांच्या गोळ्यांनी जे बरं होतं त्याने एक नामांकित सर्जन मेला.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. १९३८ मध्ये चिनी सेनापती झू द यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं, जुलैत ‘चीन दिन’ पाळून बावीस हजार रुपये जमवले (त्या काळचे बावीस हजार, लक्षात घ्या), आणि पाच डॉक्टरांचं पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालं. प्रमुख डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून नुकतेच बाहेर पडलेले. आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर.

चोळकरांचं नाव मी मुद्दाम वेगळं काढलं. आम्ही भातकुलीचे. अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर, खारपाण पट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. लहानपणी कोणी दूर नोकरीला गेलं की म्हातारी माणसं हमखास म्हणायची, ‘काहून गेला बाप्पा इतक्या दूर?’ अशा मुलखाच्या शेजारचा, पथकात वयाने सगळ्यांत मोठा असलेला एक डॉक्टर त्या काळात बॉम्ब पडत असलेल्या चीनमध्ये जातो, आणि विदर्भात शंभरातल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नसतं. ते १९३९ मध्ये परत आले. म्हणजे गेले, काम केलं, सुखरूप आले. अशांवर सिनेमे निघत नाहीत. असो.

चोंगछिंगमध्ये असताना शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख तान युनशान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘क दीहुआ’. याच नावाने चीन त्यांना आजही ओळखतो. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, माओच्या मुक्कामी पोचलं. पुढे एकेक जण परतला. मध्यंतरी सोलापुरात कोटणीसांचे वडील वारले, परत जायची मुभा मिळाली, ते गेले नाहीत. मूळ काम थोड्या मुदतीचं होतं. आपल्यातले ऑनसाइटवाले जाणतात, असिग्नमेंट कशी वाढत जाते ते. पण इथे वाढवणारा मॅनेजर कोणी नव्हता, माणूस स्वतःच वाढवत होता.

२१ जून १९४०. हेबेईतल्या थांग परगण्यात बेथूनच्या समाधीचा समारंभ होता. कोटणीस आणि बसू तिथे आले होते. जमलेल्या लोकांत छिंगलानबाई होत्या. तिथे त्यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिलं. सिनेमात असतं तसं बॉम्बहल्ल्यात वगैरे नाही, एका तिसऱ्याच परदेशी माणसाच्या थडग्यापाशी.

बेथूनच्या नावाने तिथे दोन संस्था सुरू झाल्या होत्या. एक हॉस्पिटल आणि एक वैद्यकीय विद्यालय. १९४१ च्या सुरुवातीला कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे अध्यक्ष झाले. चिनी शब्द आहे ‘युआनचांग’. कॉलेजचा प्रमुख असो की हॉस्पिटलचा, दोघांनाही तोच शब्द. छिंगलानबाई विद्यालयात नर्सिंग शिकवत होत्या. म्हणजे ओळख वाढली तेव्हा त्या ‘अध्यक्षांच्या होणाऱ्या बायको’ नव्हत्या, त्या त्यांच्या सहकारी शिक्षिका होत्या, आणि या मुलखातल्या अनुभवाने त्यांना थोड्या सीनियरच. हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण नंतरच्या सगळ्या बातम्यांत त्यांची ओळख ‘डॉ. कोटणीसांची विधवा’ या दोन शब्दांत संपते.

हे हॉस्पिटल म्हणजे काय होतं, याची कल्पना केली पाहिजे. इमारत नाही. बेथूनने सुरुवातीला एका खेड्यात हौसेने ‘आदर्श रुग्णालय’ उभारलं होतं, ते थोड्याच दिवसांत जपान्यांनी उद्ध्वस्त केलं. त्यातून सगळे एक धडा शिकले: एका जागी सर्व काही ठेवायचं नाही. (सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना हा धडा नव्याने शिकवायला नको. एकच मशीन आणि बॅकअप नाही, म्हणजे काय होतं ते आपण रात्री दोन वाजता पाहिलेलं आहे.) मग हॉस्पिटल गावागावांत विखुरलं. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांत, त्यांच्या मातीच्या कट्ट्यांवर झोपलेले. ऑपरेशनची सामग्री खेचराच्या पाठीवर. बेथूनने त्यासाठी एक खोगीर बनवलं होतं, शेतकरी जनावराच्या पाठीवरून शेणखत वाहायला जी दुहेरी पेटी वापरत ती पाहून. उघडली की औषधांचं कपाट, वर फळी टाकली की टेबल. शत्रू आला की सामान आवरून पुढच्या डोंगरात.

आता अशा हॉस्पिटलात नर्सने काय करायचं? सर्जन ऑपरेशन करतो आणि पुढच्या गावी जातो. जखमी मागे राहतो तो नर्सच्या हवाली. पेनिसिलीन अजून तिकडे पोचायचं होतं. म्हणजे जखम चिघळू द्यायची नसेल तर एकच उपाय, स्वच्छता. तीच पट्टी धुवायची, उकळायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. सरपण जमवायचं. दहा घरांत दहा जखमी विखुरलेले, तर दिवसभर त्या घरांतून त्या घरांत पायपीट. घरातल्या शेतकरीणबाईला शिकवायचं की हात धुतल्याशिवाय जखमेला लावायचा नाही. आणि हे सगळं स्वतः करून भागत नाही, म्हणून खेड्यातून आलेल्या, कित्येकदा धड लिहिता-वाचता न येणाऱ्या पोरा-पोरींना ‘जंतू’ नावाची न दिसणारी गोष्ट समजावून सांगायची. पीकिंगच्या रॉकफेलरवाल्या वॉर्डात जे चकचकीत उपकरणांनी व्हायचं, ते इथे मडकं, चूल आणि मीठ यांवर करून दाखवायचं. कोणाला किती जगवलं हे सर्जनच्या नावावर मांडलं जातं. पण त्या काळात ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस ज्याने निभावले तो जगला, आणि ते पंधरा दिवस नर्सचे होते.

१९४१ आणि ४२ ही तर या मुलखाची सगळ्यांत वाईट वर्षं. जपानी सैन्याने गावंच्या गावं साफ करण्याची मोहीम काढली होती. चिनी लोक तिला ‘तीन सर्व’ म्हणतात: सर्व मारा, सर्व जाळा, सर्व लुटा. नाकेबंदीत धान्य येईना. खायला बाजरीसारखं भरड धान्य. कोटणीस चिनी बोलायला शिकले होते, चिनीतूनच शिकवत होते, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहायला बसले होते.

१९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्या भागाचे सेनापती न्ये रोंगचन यांनी नाव सुचवलं, ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देश जोडून एका तान्ह्या पोराच्या नावात बसवले.

कोटणीसांना फिट्सचा त्रास सुरू झाला होता. उपचारांसाठी बाहेर जायचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे एकामागून एक झटके येऊन ते गेले. वय बत्तीस. मुलगा एकशे आठ दिवसांचा होता. मी बोटांवर मोजले.

इथे सिनेमाचा कॅमेरा सोलापूरकडे वळतो. खऱ्या आयुष्यात मात्र छिंगलानबाई तिथेच राहिल्या. बाहेर पडायला रस्ता तरी कुठे होता? बर्मा जपान्यांच्या ताब्यात, समुद्र जपान्यांच्या ताब्यात. मागे राहिलेले डॉ. बसू १९४३ मध्ये कसेबसे भारतात परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्यावर शांतारामांनी सिनेमा काढला. ज्यांनी तो पाहिला त्यांनी डोळे पुसले. ती खरी बाई त्या वेळी चीनच्या यादवी युद्धाच्या तोंडावर चार वर्षांच्या पोराला वाढवत होती.

पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. नवरा चिनी होता. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी झाली. दालियनला त्या स्थायिक झाल्या.

हे वाक्य वाचून तुमच्या मनात काही खट्टू झालं का? प्रामाणिकपणे सांगा. आपल्याकडे हौतात्म्याच्या गोष्टीत विधवेने काय करायचं हे ठरलेलं असतं. तिने फोटोला हार घालायचा आणि वाट बघायची, कोणाची ते विचारायचं नाही. भारतात कोटणीसांवर लिहिताना अनेक जण हा दुसऱ्या लग्नाचा भाग सरळ गाळतात, जणू काही ती गोष्टीवर पडलेला डाग आहे. मला तर उलट वाटतं. सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली, लढाईच्या मैदानात लेकरू घेऊन उभी असलेली बाई पुन्हा संसार मांडते, यात डाग कसला आलाय? आमच्या वऱ्हाडात शेतकरी जातींमध्ये पाट लावायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. विधवेला कोपऱ्यात बसवायचं हे खूळ वरच्या जातींचं, आणि ‘अमर कहानी’ नावाच्या गोष्टींमधूनही ते आपल्या डोक्यात शिरत राहतं.

यिनहुआकडे वळू. या मुलाच्या आयुष्यातल्या तारखा नुसत्या एकापुढे एक मांडल्या तरी पोटात खड्डा पडतो. १९५० च्या दशकात ‘हिंदी चिनी भाई भाई’च्या घोषणा चालल्या तेव्हा तो शाळेत जायच्या वयाचा. त्या घोषणेसाठी याच्याइतका शोभणारा मुलगा दोन्ही देशांत दुसरा नव्हता. ऑक्टोबर १९६२ मध्ये दोन देशांत युद्ध झालं तेव्हा ज्याच्या नावाचा अर्थच ‘भारत-चीन’ तो वीस वर्षांचा होता. तो वडिलांसारखा वैद्यक शिकत होता. १९६७ मध्ये, शिक्षण संपत आलेलं असताना, तो वारला. उपचारांतल्या चुकीमुळे. चोवीस वर्षांचा होता. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ चालू होता, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नथू ला खिंडीत भारत आणि चीनच्या तोफा पुन्हा एकमेकांवर धडाडल्या.

एका आईचा पहिला नवरा औषधपाण्याची सोय नसल्यामुळे गेला असं निदान म्हणता येतं. मुलगा मात्र गेला तो हॉस्पिटलात, आणि आई स्वतः नर्स. सिनेमावाल्यांनी हा भाग लिहिला असता तर आपण म्हणालो असतो की फारच रडका केलाय.

त्यानंतर त्या पंचेचाळीस वर्षं जगल्या.

या पंचेचाळीस वर्षांत त्यांना एक नवीनच काम लागलं, आणि मला वाटतं की ते नर्सिंगपेक्षा अवघड असावं. दोन्ही देशांचं पुन्हा बोलणं सुरू झालं तसं प्रत्येक भेटीगाठीत कोटणीसांचं नाव निघू लागलं. सीमा कोणती, नकाशा कोणता, यावर एकमत होईना. कोटणीसांवर मात्र व्हायचं. हयात साक्षीदार एकच, छिंगलानबाई. राष्ट्रपती के. आर. नारायणन २००० साली चीनला गेले, त्यांच्या मेजवानीला बाई. पंतप्रधान वाजपेयी २००३ मध्ये बीजिंगला गेले, तिथेही बाई. २००६ मध्ये हू चिंताव भारतात आले तेव्हा त्यांच्याबरोबर या नव्वदीच्या बाई विमानात बसून आल्या. मुंबईत कोटणीसांच्या बहिणी होत्या. त्यांच्याशी छिंगलानबाईंनी शेवटपर्यंत नातं राखलं, त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या. म्हणजे सासर त्यांनी टाकलं नाही, फक्त सिनेमात दाखवलं तसं तिथे येऊन राहिल्या नाहीत.

कोणी म्हणेल की हा सगळा मुत्सद्देगिरीचा देखावा. आहेच. समाधीवर फुलं वाहताना सरकारांचे हिशेब वेगळेच असतात, हे कळायला फार हुशारी लागत नाही. पण त्या बाईंच्या जागी उभं राहून बघा. ज्याच्याबरोबर आपण विशीत एक वर्ष संसार केला त्याच्याबद्दल नव्वदीपर्यंत दर काही वर्षांनी कोणत्या तरी राष्ट्राध्यक्षासमोर बोलायचं. मधल्या काळात दुसरा संसार झाला, पहिला मुलगा गेला, देश तीनदा उलटापालटा झाला, आणि तरी विचारणारा विचारतो ते १९४१ बद्दलच. त्यांनी ते बोलणं टाळलं नाही. कोटणीसांबद्दलच्या आठवणींचं पुस्तकही सांगून लिहवून घेतलं, ते इंग्रजीतही आलं. मात्र पुस्तकाच्या नावातही पुन्हा कोटणीसच!

‘अमक्याची बायको’ म्हणून उरलेल्या बाया आपल्याकडे काही कमी नाहीत. अमरावतीत पंजाबराव देशमुखांचं नाव कॉलेजापासून चौकापर्यंत सगळीकडे आहे. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ मध्ये त्यांनी काढली, अर्धा वऱ्हाड तिथे शिकला. १९२७ मध्ये ज्यांच्याशी त्यांनी जात मोडून लग्न केलं त्या मुंबईच्या विमलाबाई स्वतः राज्यसभेत खासदार होत्या, हे मात्र त्याच संस्थेत शिकलेल्या दहा जणांना विचारून बघा. मी विचारलं. दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक जण बहुधा अंदाजाने बोलला.

कोटणीसांची समाधी आता शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, बेथूनच्या समाधीजवळ. थांग परगण्यात दोघांच्या नावाचं एकत्र स्मारक आहे. सोलापुरात महानगरपालिकेने कोटणीसांच्या जन्मघराचं स्मारक केलं, त्याचं उद्घाटन २०१२ साली झालं. छिंगलानबाई गेल्या तेही त्याच वर्षी, जूनमध्ये. कोटणीसांच्या बहीण मनोरमाबाई मागे राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये शी चिनफिंग दिल्लीत आले तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी सन्मान स्वीकारला. पुढच्या वर्षी त्याही गेल्या, आणि मग मेजवान्यांना बोलवायला त्या घरातलं कोटणीसांना प्रत्यक्ष पाहिलेलं जवळपास कोणी उरलं नाही.

सिनेमा जमलं तर जरूर बघा. जयश्रीबाईंचं काम चांगलं आहे.